परतीचा बाण

प्रश्न : या अभ्यासक्रमातून तुम्ही काय शिकलात? स्वतःच्या शब्दांत लिहा.

उत्तर : आरोग्य-माहितीशास्त्राच्या या ऑनलाइन अभ्यासक्रमामुळे माझ्या ज्ञानात मोलाची भर पडली असून आधुनिक रुग्णसेवेत माहितीचे महत्त्व

खोडलं. हे शब्द माझे नाहीत. ते कुणाचेच नसतात, पडद्यावरची उत्तराची पेटी उघडायच्या आधीच आत राहायला आलेले असतात.

पुन्हा.

उत्तर : बाबा शीळ घालताहेत.

हे मात्र खरं आहे. आत्ता, माझ्या डाव्या हाताला, ओट्यापाशी उभे राहून बाबा एक गुलाबी कवळी फिरत्या ब्रशवर धरून चकाकवताहेत आणि शीळ घालताहेत. सूर धड नाही. मोटारीचा आवाज वाढला की शीळही वर जाते. मध्येच थांबून ते कवळी खिडकीकडे धरतात, एक डोळा मिटतात आणि पुन्हा ब्रशला लावतात. कपाळावर चष्मा. गालावर पांढरी धूळ. माझ्या कीबोर्डवरही धूळ.

आम्ही याला कारखाना म्हणतो. खरं तर एक लांबट खोली, एक ओटा, मेण तापवायचा छोटा बर्नर आणि भिंतीभर फळ्यांवर मांडलेले प्लास्टरचे जबडे. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, बाबा त्यावर मेणात दात लावून बघतात, मग मेण जाऊन तिथे हिरडी येते. म्हातारी माणसं मात्र कवळी बसवून घ्यायला डॉक्टरांना टाळून थेट इथेच येतात, कारण बाबा हसवतात. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ते प्रत्येकाला सांगतात, "आमच्या घराचं भरलं." दारावरची पाटी त्यांनीच रंगवलेली आहे : हसतील त्यांचे दात दिसतील.

आज दुपारी मास्तरीणबाई येणार आहेत. कधीच्या निवृत्त झाल्या, पण अख्खा रस्ता अजून त्यांना बघून सरळ चालतो. बाबांच्या हातातली कवळी त्यांची. ती नीट बसली, तर कारखाना राहील. नाही बसली, तर खिळ्यावरची किल्ली दादाच्या खिशात जाईल आणि जागा दुसऱ्या कुणाला तरी. हे दादाने ठरवलं, बाबांनी मान डोलावली. तो दारातच उभा आहे, हाताची घडी घालून, जबडे मोजत असल्यासारखा.

आणि मला आज संध्याकाळपर्यंत ही पेटी भरायची आहे. कोरी राहिली तर प्रमाणपत्र नाही.

उत्तर : या अभ्यासक्रमाला मी प्रवेश घेतला, कारण

कारण माझी खिडकी बंद झाली. मी एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीत बसायचे. नाव, वय, पत्ता, आधी कधी आला होतात का, तिकडे बसा, पुढचे. मग दारातच एक यंत्र आलं. लोक यंत्राला स्वतःच वय सांगायला लागले, तेही मला सांगायचे त्याहून खरं. मला निरोप मिळाला.

तशीही घरात मीच एकटी बिनकोटाची. आई प्रसूतीच्या वॉर्डातून निवृत्त झालेली सिस्टर. दादाचं औषधांचं दुकान. वहिनी कान-नाक-घशाच्या दवाखान्यात. आमच्याकडे वाळत घातलेले पांढरे कोट बघून नवे शेजारी समजतात की आम्ही धोबी आहोत.

"काय कोर्स म्हणालीस?" दादाने विचारलं होतं.

"हेल्थ इन्फॉर्मेटिक्स."

"म्हणजे काय करायचं?"

"दवाखान्यातली माहिती. कुठून येते, कुठे जाते, कुठे अडकते. कोणाला काय माहीत आहे आणि काय नाही."

"म्हणजे चहाड्या."

"दादा!"

"आरोग्याच्या चहाड्या. पदवी मिळते का?"

"करू दे की तिला काहीतरी," वहिनी म्हणाली. "पण मुंगे, घरबसल्या दवाखाना कसा गं कळणार? हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं."

सगळे मला मुंगी म्हणतात. बाबांनी ठेवलेलं नाव. लहानपणी साखरेच्या डब्यात सापडले होते म्हणून.

"उंट तरी आहे तिच्याकडे," बाबा पलीकडून म्हणाले होते. तेव्हा ते अजून असं काही म्हणायचे.

(इथे एक जागा मोकळी सोडते. कारण पुढचं लिहायला हात वळत नाही, आणि बाबा शीळ घालत असताना ते लिहिणं जरा विचित्रच वाटतं.)

बाबांचं एक वाक्य आहे. नवी कवळी बसवली की ते माणसाला आरशासमोर उभं करून म्हणायला लावतात : सासू सोसते, सून हसते, सासरा चष्मा शोधत बसतो. एवढ्यात सगळं कळतं. स शीळ घालतोय का, श घसरतोय का, च ला वरचे दात खालच्यांवर आपटतात का. बाबांनीच जुळवलंय ते, लग्नानंतर म्हणे. आईने मात्र ते कधीच म्हणून दाखवलं नाही. "माझे दात माझेच आहेत," ती म्हणते.

एकदा एका आजोबांना आरशासमोर उभं करून बाबा म्हणाले, "म्हणा, सासू सोसते, सून हसते, सासरा..."

आजोबांनी म्हटलं. थांबले.

बाबाही थांबले.

"सासरा," बाबा पुन्हा म्हणाले. खिडकीकडे बघितलं. ओट्याकडे बघितलं. सासरा कुठेच सापडेना.

मी त्यांना डबा द्यायला आले होते. मी वाक्य पुरं केलं, आजोबा हसले, विषय संपला. पण आजोबा गेल्यावरही बाबा बराच वेळ ओठ हलवत होते.

मग एकापाठोपाठ एक. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागायचा, आणि रात्री घरभर फेऱ्या. मला आईच्या नावाने हाक, आईला बहिणीच्या. आजोबांची खालची कवळी आणि मास्तरीणबाईंची वरची एकाच डबीत घालून पाठवली. मास्तरीणबाई डबी घेऊन परत आल्या आणि काही न बोलता ओट्यावर ठेवून गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि मग बर्नर. जळता ठेवून बाबा घरी आले. पुसायचं फडकं पेटलं, पलीकडच्या छापखान्यातल्या माणसाने धूर बघितला म्हणून निभावलं. ओट्याला काळा डाग पडला, तो माझ्या लॅपटॉपखाली आहे.

त्या दिवशी दादाने जेवताना विषय काढला.

"बास झालं आता. किल्ली माझ्याकडे द्या, बाबा."

"डॉक्टरला दाखवायचं का?" मी विचारलं.

"आणि डॉक्टर काय सांगणार?" आई म्हणाली. "वय झालं म्हणणार. मी आयुष्यभर दवाखान्यात काढलं, आणि माझ्या नवऱ्याचं वय झालंय हे मला परक्याने सांगायचं?"

"घरात आपण इतके जण आहोत," वहिनी म्हणाली. "आपल्याला दिसतंय की."

हीच आमच्या घरची रीत. बाहेरचा डॉक्टर म्हणजे घरच्यांचा अपमान. ताप आला तर आई, खोकला आला तर दादा, कान दुखला तर वहिनी. दुसऱ्यांना आम्ही सांगायचो, अंगावर काढू नका, दाखवून घ्या. दिव्याखाली अंधार कसा असतो ते बघायला कुणी आमच्याकडे यावं.

बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

मला बाबांचं हे वाक्य बर्नरपेक्षाही भयंकर वाटलं. माझे बाबा कधीच कुणी म्हणेल तसं करत नाहीत. छत्री घ्या म्हटलं तर टोपी घेतात.

उत्तर : अभ्यासक्रमातील सर्वांत उपयुक्त घटक म्हणजे

सरांचं कपाळ.

सर पडद्यावर नेहमी भुवयांपासून वरच दिसायचे. कॅमेरा कसा लावायचा ते त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, आणि पहिली काही मिनिटं आवाज बंद असायचा. मग कुणीतरी लिहायचं, सर, आवाज. मग सर म्हणायचे, "बघा, मी बोलत होतो, तुम्ही ऐकत होतात, आणि तरी काहीच पोचत नव्हतं. आजचा विषय हाच आहे." दर वेळी हेच म्हणायचे. मला अजून कळलेलं नाही की ते मुद्दाम करायचे की काय.

एकदा त्यांनी सांगितलं, "चित्र काढा. कुठलीही एक जागा घ्या जिथे एका माणसाची काळजी घेतली जाते. मधे तो माणूस. भोवती बाकीचे. कोण कोणाला काय देतं त्याचे बाण काढा. शब्द कमी, बाण जास्त. आणि काढून झालं की एकच प्रश्न विचारा : परत काय येतं?"

"दवाखानाच हवा का, सर?" मी विचारलं. माझ्याकडे आता दवाखाना नव्हता.

"माणूस हवा," कपाळ म्हणालं.

मी घर घेतलं. खरं सांगायचं तर आळसाने. घरासाठी बाहेर जावं लागत नाही.

रविवारची दुपार होती, जेवणं झाली होती, टेबल पुसलेलं होतं. बाबा आतल्या खोलीत खुर्चीत झोपलेले, तोंड उघडं. मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, मधे एक गोल काढला आणि लिहिलं, बाबा.

"हे काय, गोट्या खेळतेयस?" दादा म्हणाला.

"गृहपाठ. आई, तू बाबांना काय देतेस?"

"मी काय देणार? दोन वेळचं जेवण देते. वर ऐकूनही घेते."

"औषध गं."

"औषध कसलं! शिंकांची ती साधी गोळी. प्लास्टरच्या धुळीने शिंकत बसतात म्हणून. रात्री जेवल्यावर."

"कधीपासून?"

"थंडी पडली तेव्हापासून. साधी आहे गं ती, मुलांनाही देतात."

एक बाण.

"वहिनी?"

"चक्कर येते ना त्यांना. सकाळी चहाबरोबर देते मी एक, आणि कारखान्यात न्यायला एक. आमच्या दवाखान्यात सगळ्यांना तीच. साधीच असते."

दुसरा बाण.

"बाबांना चक्कर येते?" आईने विचारलं.

"सकाळी उठल्यावर. तुम्हाला नाही सांगितलं?"

"मला कोण सांगतंय!"

"दादा, तू?"

"मी कशाला काय देऊ?" दादा म्हणाला. मग थांबला. "झोपेची तेवढी. रात्री घरभर फिरतात म्हणून मीच ठेवतो त्यांच्या उशापाशी. तिला तर चिठ्ठीही लागत नाही, इतकी..."

"साधी," वहिनी म्हणाली.

तिसरा बाण काढताना माझी पेन्सिल मोडली. मी टोक करून परत बसले. दादाने हात पुढे केला.

"आई, तुझी ती गोळी दाखव."

आईने पाकीट आणलं. दादाने ते उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं वाचली. माझा भाऊ रोज असली शेकडो पाकिटं हातावेगळी करतो, वर न बघता. हे त्याने डोळ्यांजवळ नेलं, मग लांब नेलं, मग टेबलावर ठेवलं, फार हळू, जणू ते काचेचं होतं.

"काय झालं?" आई म्हणाली.

"ही आणि माझी एकाच घराण्यातल्या आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी झोपेची म्हणून देतो ती तुझी शिंकांचीच गोळी आहे. डगला वेगळा."

"आणि माझी?" वहिनीने विचारलं. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"चुलत बहीण."

"अहो, पण मी चक्कर येत होती म्हणून..." वहिनी थांबली. "चक्कर कधीपासून येत होती त्यांना?"

"थंडी पडल्यावर," मी म्हटलं.

आईने खुर्ची ओढली आणि बसली. तिची गोळी पहिली. त्या गोळीने डोकं जड झालं, सकाळी तोल जायला लागला, म्हणून वहिनीची. त्या गोळीमुळे दिवसा झापड यायला लागली, दिवसा झोप म्हणून रात्री जागरण, म्हणून दादाची. प्रत्येकाने पातेल्यात चिमूटभरच मीठ टाकलं होतं, आणि मग सगळे मिळून म्हणाले की पातेलंच जुनं झालं.

"आणि तुझा बाण कुठाय गं?" वहिनीने विचारलं. ती रागावली नव्हती, पण एकटीला बुडायचं नसतं कुणालाच.

माझा बाण होता. रोज दुपारी डबा नेताना बाबांना झापड येताना बघून मी थर्मासमधून काळी कॉफी नेत होते. कडक. मोठा पेला. मी तोही काढला. त्यातल्या त्यात जाड काढला.

चार बाण, चारही आत जाणारे. बाहेर येणारा एकही नाही.

मी उठून आत गेले. बाबांच्या खुर्चीपाशी खाली बसले. त्यांना जाग आली.

"बाबा, तुम्हाला कसं वाटतं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता मला आईच्या नावाने हाक मारणार.

"कोरडं," ते म्हणाले.

"काय कोरडं?"

"तोंड. माझी स्वतःची कवळी बसत नाही आता. लोकांना सांगतो कवळी ओलाव्यावर बसते, आणि माझ्याच तोंडात वाळवंट. घासून बघितली, काही उपयोग नाही. कवळीचा दोष नाही तो."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"कुणाला सांगू? सगळे इतक्या प्रेमाने देतात." ते जरा विचार करून म्हणाले, आणि शब्द शोधायला त्यांना वेळ लागत होता. "मला वाटलं तुम्ही एकमेकांशी बोलूनच देत असाल. एवढे जाणकार घरात. म्हटलं, ठरवून करत असतील."

दारात आई उभी होती. तिने तोंडाला पदर वगैरे काही लावला नाही, ती तशातली नव्हे. ती फक्त म्हणाली, "चपला घाला. आत्ता डॉक्टरकडे जायचं. परक्या."

"रविवारी?" बाबा म्हणाले.

"रविवारी."

उत्तर : माहितीची देवाणघेवाण न झाल्यास रुग्णाच्या सुरक्षिततेवर

हे खोटं नाही. फक्त कोरडं आहे.

परकी डॉक्टरीण माझ्याहून लहान दिसत होती. आम्ही सगळेच गेलो होतो, त्यामुळे तिच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. माझं कॅलेंडरचं पान तिने टेबलावर पसरलं, त्यावर बोट फिरवलं, आणि मग आमच्यापैकी कुणाकडेही न बघता तिने बाबांनाच एकेक विचारलं. बाबा सांगत गेले. लघवीला त्रास होतो, हेही सांगितलं. आम्ही सगळे छताकडे बघत होतो.

"वय झालंय हे खरंच आहे," ती शेवटी म्हणाली. "पण वय असं एका थंडीत होत नाही."

तिने रक्त तपासायला सांगितलं. गोळ्या कोणती आधी आणि कशी कमी करायची ते आईला समजावून दिलं. शिंकांसाठी तोंडाला बांधायचा मास्क सांगितला. कॉफी सकाळी एकच. "मी वचन देत नाही," ती म्हणाली, "सगळं याच्यामुळेच असेल असं नाही. पुन्हा बघू." तिने वचन दिलं नाही म्हणून मला तिच्यावर विश्वास बसला.

परत येताना रस्त्यात दादा माझ्या शेजारी चालत होता.

"काय म्हणतात त्याला? तुझ्या शास्त्राला?"

"चहाड्या."

"हं," दादा म्हणाला. "चांगला विषय आहे."

बाबा एकदम बरे झाले असं नाही. झोप आधी आणखीच बिघडली. एकदा चिडून त्यांनी आईला मास्क फेकून मारला, आणि आई म्हणाली, "बघा, नेम बरोबर बसतोय." मग एका सकाळी त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि पुढे म्हणाले, "साखर संपलीय, तूच खाल्लीस ना?" मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. मग साखर आणायला गेले.

बाबांनी पुन्हा काम करायला डॉक्टरणीने दुसऱ्या खेपेला हसून होकार दिला. पण दादाला होकार पुरत नव्हता. तो म्हणाला, घर वेगळं, बर्नर वेगळा. एक कवळी पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवा. आणि ज्यांची चुकली होती, त्यांचीच.

मोटार थांबली. शीळही.

मास्तरीणबाई आल्या.

(आता मी नुसतं बघून टाइप करतेय. चुका राहतील.)

त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, खुर्चीत बसल्या, दादाकडे बघितलं. "तू अजूनही दारातच उभा राहतोस," त्या म्हणाल्या. दादा त्यांच्या वर्गात होता. तो आत आला.

बाबांनी हात धुतले. कवळी पाण्यातून काढली, वरची, मग खालची. मास्तरीणबाईंनी तोंड मिटलं. गाल भरले आणि त्या एकदम वर्गात शिरल्यासारख्या दिसायला लागल्या.

"दात मिटा. उघडा. मिटा."

खट्, असा आवाज आला. मलाही कळला. उजवीकडे काहीतरी आधी लागत होतं.

दादाने माझ्याकडे बघितलं. मी खाली पडद्याकडे बघितलं. पेटीत कर्सर लुकलुकत होता.

"उंच लागतोय एक," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बाबा," दादा हळूच म्हणाला, "राहू द्या. आपण नंतर..."

"काय नंतर?" बाबा म्हणाले. त्यांनी खणातून निळ्या कागदाची पट्टी काढली, ती दातांमध्ये धरली. "चावा. अजून एकदा. हं." कवळी बाहेर काढून त्यांनी ती दादासमोर धरली. उजवीकडच्या एका दाढेवर निळा ठिपका उमटला होता. "हे बघ. हे चुकलेलं नाही, हे राहिलेलं आहे. ओट्यावर माझं काम संपतं, मग तोंडात घालून विचारावं लागतं. तोंड सांगतं कुठे लागतंय. त्याने सांगितलं की मी घासतो. न विचारता घासत बसलो तर सगळी दाढच जाईल."

दादा ठिपक्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ.

बाबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, बारीक दगडाने दाढेला दोनदा हलकेच स्पर्श केला, फुंकर मारली, कवळी परत दिली. मिटा. उघडा. मिटा. आता आवाज आला नाही. बाबांनी आरसा त्यांच्यासमोर सरकवला आणि चष्मा पुन्हा वर ढकलला.

"म्हणा," ते म्हणाले.

मी टाइप करायचं थांबले. दादाने हाताची घडी सोडली.

"सासू सोसते," बाबा म्हणाले, "सून हसते, सासरा चष्मा शोधत बसतो."

एका दमात. मध्ये कुठेही खिडकीकडे न बघता.

मास्तरीणबाईंनी म्हटलं. स स्वच्छ, श स्वच्छ, च जागच्या जागी. मग त्यांनी आरशातूनच बाबांकडे बघितलं, पहिल्या बाकावरच्या खोडकर पोराकडे बघावं तसं.

"पण सासऱ्याचा चष्मा तर कपाळावरच आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर शोधायला वेळ लागतो," बाबा म्हणाले.

त्या हसल्या. हसतील त्यांचे दात दिसतील. दिसले, आणि ते त्यांचेच होते.

दादाने खिशातून किल्ली काढली. मला वाटलं होतं ती खिळ्यावर आहे, पण त्याने ती सकाळीच काढून घेतली होती. त्याने ती परत खिळ्यावर अडकवली, जरा हलवून बघितली, पडत नाही ना म्हणून. मग बर्नरपाशी गेला, वाकून बघितलं.

"बंद आहे रे," बाबा म्हणाले.

"बघितलं नुसतं."

"बघ की. विचारलंस तरी सांगेन."

आई दादाच्या दुकानाच्या बाजूने येताना दिसतेय, हातात थर्मास. त्यात कोमट पाणी आहे, मला विचारूनच भरलंय. वहिनी तिच्यामागे, दोघी बोलत येताहेत. काय बोलताहेत ते इथून ऐकू येत नाही. बोलताहेत हे पुरे.

आता पेटी.

उत्तर : कोण काय देतो ते सगळ्यांना माहीत असावं. आणि ज्याला देतो त्याला विचारावं. सर, तुमचा कॅमेरा थोडा खाली करा, आम्हाला तुमचं तोंड दिसत नाही.

पाठवलं.